स्वरपट्टीतील इंजेक्शन चुकीच्या थरात गेल्यावर दुरुस्तीची शस्त्रक्रिया: थांबावे केव्हा, काढावे किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर डावी स्वरपट्टी हलेनाशी झाली, आवाज हवा मिसळल्यासारखा क्षीण झाला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला. ती पट्टी मध्याकडे सरकावी म्हणून तिच्यात कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या कॅल्शियमयुक्त, फुगवटा देणाऱ्या पदार्थाचे इंजेक्शन देण्यात आले. ठसका थांबला, आवाज मात्र सुधारण्याऐवजी घोगरा, घट्ट आणि जोर लावून काढावा लागणारा झाला. या गोष्टीला आता सात महिने झाले आहेत. एका तज्ज्ञांनी ‘पदार्थ वरच्या थरात राहिला आहे, काढून टाकू’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी ‘तो आपोआप जिरेल, हात लावू नका’ असा सल्ला दिला. पदार्थ काढावा की थांबावे, काढायचा तर तोंडातून की मानेतून, काढल्यावर पूर्वीचा आवाज येईल का, आणि दोन पट्ट्यांमधली फट पुन्हा उघडून ठसका सुरू होणार नाही ना, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

दोन्ही सल्ले परस्परविरोधी वाटले तरी आपापल्या जागी दोन्ही बरोबर असू शकतात. पदार्थ नेमका कोणत्या थरात बसला आहे, यावर सारे अवलंबून असते. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या अनेक रुग्णांच्या कागदांवर पदार्थाचे नाव असते, मात्रा असते, तारीख असते. पण तो कोठे जाऊन बसला याबद्दल एक ओळही नसते. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे त्या न लिहिलेल्या ओळीत आहेत, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

स्वरपट्टीची लांबी जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर असते. तिच्या सर्वांत वर एक पातळ अस्तर असते, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, त्याखाली लवचिक आणि चिवट तंतूंचा पट्टा आणि सर्वांत आत स्नायू. जपानमधील संशोधक मिनोरु हिरानो यांनी १९७४ मध्ये या रचनेची ‘आवरण’ आणि ‘गाभा’ अशी मांडणी केली आणि त्यानंतर स्वरपट्टीवर शस्त्र चालवण्याची आमची सगळी रीतच बदलली. बोलताना गाभा आधार देतो आणि त्यावर आवरण लाटेसारखे सरकत राहते. पुरुषांमध्ये सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास. ही लाट जेलीसारख्या थरामुळे शक्य होते आणि त्या थराची जाडी फार तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. फुगवटा देणारे इंजेक्शन गाभ्यात, तेही स्नायूच्या बाहेरच्या अंगाला, कूर्चेच्या (स्वरयंत्राभोवतीच्या लवचिक हाडाच्या) भिंतीकडे द्यायचे असते. सुई एखाद्या मिलिमीटरने वर राहिली तरी पदार्थ त्या मऊ थरात पसरतो. गादीवर सैल अंथरलेली चादर हाताने सरकवता येते. तीच चादर चार ठिकाणी गादीला टाचली तर ती सरकत नाही, ओढ बसते. वरच्या थरात पसरलेला पदार्थ आवरणाला असेच टाचून टाकतो. मग पट्टी मध्यावर येते, फट मिटते, ठसका थांबतो, आणि आवाज मात्र घट्ट होतो. तुम्ही केलेले वर्णन याच्याशी जुळते.

तरीही केवळ वर्णनावरून निदान पक्के करता येत नाही, कारण असाच आवाज इतर कारणांनीही होतो. पदार्थ योग्य थरात असला तरी मात्रा जास्त झाली असेल, तर पट्टी मध्यरेषा ओलांडून फुगते आणि बोलताना दाबल्यासारखा आवाज येतो. पदार्थ खाली, श्वासनलिकेच्या तोंडाकडे घसरला असेल, तर आवाजापेक्षा श्वासाची तक्रार जास्त असते. शरीराने पदार्थाला परके मानून त्याभोवती सूज आणि गाठ तयार केली असेल, तर आवाज सुरुवातीला चांगला राहून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बिघडत जातो. म्हणून ‘आवाज पहिल्या दिवसापासून वाईट होता की आधी बरा होऊन मग बिघडला?’ हा माझा पहिला प्रश्न असतो. आणखी एक शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मधल्या काळात पट्टी हलवणारी, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत दुखावलेली नस सावरली असेल आणि डावी पट्टी स्वतःच थोडी हलू लागली असेल किंवा स्नायूला पुन्हा ताण आला असेल, तर मुळात बरोबर दिलेली मात्रा आता जास्त ठरते. अशा वेळी इंजेक्शन देणाऱ्याची काहीच चूक नसते.

हे सारे वेगळे काढण्यासाठी स्ट्रोबोस्कोपी लागते. साध्या दुर्बिणीत पट्टी फुगलेली दिसते, कधी पिवळसर-पांढरा ठिपकाही दिसतो, पण लाट दिसत नाही. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकत्या प्रकाशामुळे ती लाट संथ झाल्यासारखी डोळ्यांना दिसते. पट्टीचा एखादाच भाग स्तब्ध आणि बाकी भाग हलता असेल, तर पदार्थ तेथे उथळ बसला आहे असे धरायला हरकत नाही. सगळी पट्टी फुगलेली पण लाट वाहती असेल, तर प्रश्न मात्रेचा आहे आणि आवरण शाबूत आहे, ही चांगली बातमी. ही तपासणी हळू, मोठ्या, उंच आणि खालच्या अशा सगळ्या स्वरांत करून घ्यावी आणि तिची चित्रफीत मागून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयात तिच्याशी तुलना करावी लागते. तुमच्या बाबतीत सीटी स्कॅनचाही उपयोग होईल. कॅल्शियमयुक्त पदार्थ सीटीवर पांढरा उठून दिसतो, त्यामुळे तो किती खोल आहे, किती खाली गेला आहे आणि कूर्चेच्या बाहेर पडला आहे का, हे कळते. नस सावरते आहे का हे पाहण्यासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत संदेश मोजणारी चाचणी करतात. ती सर्वत्र होत नाही आणि तिचा अर्थ लावायला अनुभव लागतो, पण हाती असेल तर करावी.

आता पदार्थाविषयी. स्वरपट्टी फुगवण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. १९११ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म ब्रूनिंग्ज यांनी पट्टीत पॅराफिन भरून पाहिले. पॅराफिन जागा सोडून गेले, त्याच्या गाठी झाल्या आणि पद्धत मागे पडली. १९६२ मध्ये गॉडफ्रे आर्नोल्ड यांनी टेफ्लॉनचा वापर मांडला आणि पुढची कित्येक वर्षे जगभर टेफ्लॉनच वापरले गेले. ते शरीरात जिरत नाही, हा त्याचा गुण मानला गेला आणि तोच पुढे दोष ठरला. त्याच्या कणांभोवती शरीर वर्षानुवर्षे दाह करत राहते आणि इंजेक्शननंतर कधी दहा, कधी वीस वर्षांनी दगडासारखी घट्ट गाठ समोर येते. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचे बरेचसे शास्त्र आम्ही टेफ्लॉनच्या रुग्णांवर शिकलो, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आजचे पदार्थ त्या मानाने सौम्य आहेत, पण सगळे सारखे नाहीत. कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोजची जेल दोन-तीन महिन्यांत जाते. हायल्युरोनिक आम्लाची जेल साधारण काही महिने टिकते, क्वचित त्याहून बरीच जास्त. आणि तिचा मोठा फायदा असा की हायल्युरोनिडेज या विकराने (एन्झाइमने) ती विरघळवता येते. स्वतःच्या शरीरातील चरबी किती जिरेल याचा नेम नसतो, म्हणून ती मुद्दाम जास्त भरतात, आणि एखाद्याची जवळजवळ सगळीच टिकली तर तो फुगवटा कायमचा होतो. सिलिकॉनचे कण आजन्म राहतात. तुम्हाला दिलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये अतिशय बारीक कण एका वाहक जेलमध्ये मिसळलेले असतात. जेल काही महिन्यांत जाते. कण साधारण एक ते दीड वर्ष राहतात, काहींमध्ये त्याहून जास्त. त्यांना विरघळवणारे कोणतेही औषध नाही.

म्हणजे ‘आपोआप जिरेल’ हे वाक्य खोटे नाही, मात्र ते अर्धेच आहे. खोल बसलेला पदार्थ जिरतो तेव्हा मागे फारसे काही उरत नाही. उथळ थरातला पदार्थ जिरेपर्यंत तेथे मंद दाह चालू राहतो आणि दाहाच्या मागे व्रण उरतो. पदार्थ गेला आणि पट्टी तशीच ताठ राहिली, असे मी पाहिले आहे. म्हणून कॅल्शियमचा पदार्थ उथळ गेल्याचे पहिल्या दिवसांत कळले, तर तो लवकर काढावा, या मताचा मी आहे. इंजेक्शन देतानाच आवरणाखाली पांढरा फुगा उठताना दिसला, तर हात तेथेच थांबवून, बारीक चीर देऊन तो दाबून बाहेर काढता येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतही तो बऱ्याच अंशी मऊ असतो. तुम्ही सातव्या महिन्यात आहात. वाहक जेल केव्हाच गेली आहे आणि उरलेले कण तंतूंमध्ये गुंतलेले असणार. घाई करून मिळणारा फायदा आता हातून गेला आहे, त्यामुळे नीट विचार करायला वेळ घ्या. यात अपवाद एकच: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल किंवा रात्री श्वास अडत असेल, तर थांबायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

तुमच्या जागी माझा रुग्ण असता, तर मी आधी सहा ते आठ आठवडे आवाजाची चिकित्सा देऊन पाहिली असती. या चिकित्सेमुळे पदार्थ हलत नाही हे खरे, पण सात महिने घट्ट आवाजाशी झुंजताना रुग्ण घशाचे सगळे स्नायू आवळायला शिकतो, आणि निम्मा घोगरेपणा कधी कधी त्या आवळण्याचा असतो. तो भाग चिकित्सेने सुटला म्हणजे पदार्थाचा वाटा किती हे स्वच्छ दिसते. त्यानंतर पुन्हा स्ट्रोबोस्कोपी करून पहिल्या चित्रफितीशी ताडून पाहावी. स्तब्ध भाग आक्रसत असेल, लाट परत येत असेल, तर आणखी तीन महिने थांबावे. भाग तसाच असेल किंवा लालसर होऊन वाढत असेल, तर शस्त्रक्रिया करावी. मध्यंतरी पट्टीत स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाऊ शकते. दाह आणि गाठ असेल तर त्याचा उपयोग होतो, नुसता पदार्थ उथळ असेल तर फारसा होत नाही. त्या इंजेक्शननंतर पट्टीवर पांढरी पूड साचल्यासारखी दिसली किंवा पट्टी थोडी खंगल्यासारखी वाटली तरी घाबरू नये; हे दोन्ही बदल सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करायची नसते.

तोंडातून की मानेतून, याचे उत्तर तुमच्यासाठी बहुधा तोंडातून असे आहे. संपूर्ण भूल देऊन, श्वासासाठी बारीक नळी घालून, तोंडातून धातूची पोकळ नळी स्वरयंत्रापर्यंत नेतात आणि ती स्थिर टांगून सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात. आधी बोथट अवजाराने पट्टी चाचपावी लागते. कोठे मऊ आहे आणि कोठे कडक, हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. छेद पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर, धक्का देणाऱ्या कडेपासून शक्य तितका दूर, बाहेरच्या बाजूला घेतात. दोन पट्ट्या एकमेकींवर जेथे आपटतात ती आतली कड म्हणजे आवाजाची खरी जागा, आणि तिच्यावर व्रण पडू नये यासाठीच हा वळसा असतो. छेदातून बोथट अवजाराने अस्तर हळूच उचलून त्याची पातळ झडप करतात, यालाच मायक्रोफ्लॅप म्हणतात. झडपेच्या खाली पदार्थ दिसतो तो ओल्या चुन्याच्या गोळीसारखा, पांढरा आणि किंचित रवाळ. ताजा असेल तर तो सलग निघतो. सात-आठ महिन्यांचा असेल तर त्याचे कण जाळ्यात अडकलेल्या वाळूसारखे असतात. काही कण मऊ थराच्या तंतूंना, काही थेट अस्तराच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. ते बारीक चिमट्याने आणि टोकदार नसलेल्या खुरपणीने, थोडे थोडे करून, दर वेळी झडप खाली ठेवून पट्टी किती मऊ झाली हे पाहत काढायचे असतात. शेवटी झडप जागेवर पसरून ठेवली की बहुतेक वेळा टाकाही लागत नाही.

या कामात सर्वांत अवघड काय असेल, तर ते थांबणे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशीच एक शिक्षिका आली होती. झडप उचलल्यावर पांढरे कण दिसले आणि मी ते शेवटच्या कणापर्यंत काढले. सूक्ष्मदर्शकातून पट्टी अगदी स्वच्छ दिसत होती आणि मी समाधानाने बाहेर आलो. तीन महिन्यांनी स्ट्रोबोस्कोपी केली तेव्हा कण कोठेच नव्हते आणि लाटही नव्हती. कणांबरोबर मी तिचा मऊ थरही खरवडून काढला होता आणि अस्तर थेट खालच्या तंतूंना चिकटले होते. तिचा आवाज आधीच्यापेक्षा थोडा बरा झाला, पण वर्गात मोठ्याने बोलता येईल इतका कधीच झाला नाही. तेव्हापासून अस्तराच्या आतल्या बाजूला चिकटलेले कण मी तसेच सोडतो. पट्टीत राहिलेल्या काही कणांसह लाट वाहू शकते. मऊ थर मात्र एकदा गेला की तो तयार करून देणारे औषध किंवा कलम आज तरी आमच्या हाती नाही. तुमच्या शल्यचिकित्सकांना ‘सगळे काढाल का?’ असे विचारू नका. ‘किती ठेवाल आणि का?’ असे विचारा, आणि उत्तर देताना ते थोडे थांबून विचार करतात का हे पाहा.

पदार्थ उथळ नसून खोल आणि जास्त असेल, तर शस्त्रक्रिया वेगळी आणि तुलनेने सोपी असते. वरच्या पृष्ठभागावर आणखी बाहेरच्या बाजूला छेद घेऊन, आवरणाला न उचलता थेट स्नायूत शिरून, अवजाराने दाबून जादा पदार्थ बाहेर घेतात. येथे कार्बन डायऑक्साइड लेसरही वापरता येतो. लेसर वापरताना श्वासनळीतील प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवणे आणि नळीचा फुगा पाण्याने भरून ओल्या पट्टीने झाकणे, हे नियम भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक मिळून पाळतात, कारण नळीने पेट घेण्याचा धोका खरा असतो. हायल्युरोनिक आम्ल उथळ गेले असेल, तर मी आधी विकराचे इंजेक्शन देऊन पाहतो. त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून पूर्वी त्याचा किंवा मधमाशीच्या दंशाचा तीव्र त्रास झाला असेल तर आधी सांगावे. हे विकर शरीराचे स्वतःचे हायल्युरोनिक आम्लही तोडते, पण ते थोड्या काळात पुन्हा तयार होते.

मानेतून जाण्याची गरज मुख्यतः जुन्या, पट्टीची पूर्ण जाडी व्यापलेल्या गाठींमध्ये पडते, आणि त्या बहुतांशी टेफ्लॉनच्या असतात. अशा गाठी तोंडातून लेसरने जाळायला गेले तर टेफ्लॉन तापून विषारी धूर सोडते, तो सतत ओढून घ्यावा लागतो, आणि पट्टीच्या कडेपर्यंत जळण्याची भीती असते. त्याऐवजी कंठमण्याच्या कूर्चेत बाजूने खिडकी कापून, आतले अस्तर न फाडता, गाठ बाहेरच्या अंगाने कोरून काढतात आणि राहिलेल्या पोकळीत मानेतील पातळ स्नायूची पट्टी, रक्तपुरवठा शाबूत ठेवून, भरतात. मी हे काम काहीशा ओझ्यानेच करतो. गाठ आणि स्नायू यांच्यात सीमा अशी नसतेच. किती कोरायचे हे बोटांच्या अंदाजावर ठरवावे लागते आणि आतले अस्तर फाटले तर सगळेच बिघडते. कॅल्शियमच्या पदार्थासाठी ही वाट क्वचितच लागते. सीटीवर पदार्थ कूर्चेच्या भिंतीलगत मोठ्या गोळ्यासारखा असेल, तरच तिचा विचार करावा.

तुमचा चौथा प्रश्न, फट पुन्हा उघडेल का, हा तिसऱ्याच्या आधी घेतो, कारण अनेकदा शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा विचारच होत नाही. उथळ पदार्थ काढला आणि खोल पदार्थ जागेवर असेल तर फट फारशी वाढत नाही. दोन्ही निघाले, किंवा खोल पदार्थ पुढच्या काही महिन्यांत जिरला, आणि नस सावरलेली नसेल, तर मूळची फट परत येणार. ही गुंतागुंत नव्हे; मूळ आजार अजून गेलेला नाही, इतकेच. नस सावरण्याची वाट साधारण नऊ ते बारा महिने पाहतात. तुमची ती मुदत जवळ आली आहे, म्हणजे पट्टी अजूनही हलत नसेल तर कायमच्या उपायाचा विचार करण्याची वेळही आलीच आहे. तो उपाय म्हणजे पहिल्या प्रकारची थायरोप्लास्टी, जी क्योतोच्या नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडली. मानेवर लहान छेद घेऊन, कूर्चेत खिडकी करून, सिलिकॉनचा किंवा गोर-टेक्सचा तुकडा बसवतात आणि पट्टी बाहेरून आत ढकलतात. आवरणाला हात लागत नाही. फक्त त्या भागापुरती भूल आणि हलकी गुंगी देऊन हे करतात, त्यामुळे टेबलावरच तुम्हाला बोलायला लावून तुकड्याचे माप ठरवता येते, आणि गरज पडली तर तो पुढे काढताही येतो.

‘एकाच भुलेत दोन्ही करून टाकू’ असे कोणी सुचवले तर मी सहमत होणार नाही. पदार्थ काढल्यावर पट्टी सुजलेली असते. सुजलेल्या पट्टीवर तुकड्याचे माप घेतले तर सूज उतरल्यावर ते कमी पडते. शिवाय थायरोप्लास्टीचे माप ठरवताना रुग्ण जागा आणि बोलता हवा असतो आणि पदार्थ काढताना पूर्ण भूल लागते. मी सहसा पदार्थ काढल्यावर किमान तीन महिने, शक्य झाल्यास सहा महिने जाऊ देतो. मधल्या काळात ठसक्याचा त्रास फार झाला, तर लवकर जिरणाऱ्या जेलचे थोडे इंजेक्शन, या वेळी नक्की खोलवर, देता येते. पुन्हा इंजेक्शनच, हे ऐकून तुम्हाला धडकी भरणे स्वाभाविक आहे. जेल हा पर्याय एवढ्यासाठीच की चूक झाली तरी ती दोन-तीन महिन्यांची असते.

पूर्वीचा आवाज परत येईल का, याचे खरे उत्तर असे की मी तसे वचन देत नाही. मात्रा जास्त होती आणि आवरण शाबूत असेल, तर आवाज चांगला सुधारतो आणि तो लवकर सुधारतो. पदार्थ उथळ असेल आणि लहान जागेत असेल, तर रोजचे बोलणे सहज, न थकता होईल अशी अपेक्षा ठेवता येते. लाट सगळ्या लांबीभर थांबलेली असेल, तर सुधारणा अर्धवट राहते. गाणाऱ्यांना मी नेहमी वेगळे बसवून सांगतो: हळू आणि उंच स्वर सर्वांत शेवटी येतात आणि कधी येतही नाहीत, कारण त्यांनाच मऊ थर सर्वांत जास्त लागतो. शस्त्रक्रियेनंतर व्रणामुळे ताठरपणा उरलाच, तर त्या थरात चरबीचे कलम किंवा कानाच्या वरच्या भागातील स्नायूचे पातळ आवरण बसवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांनी फरक पडतो, पण मध्यम, आणि तो दिसायला अनेकदा सहा महिने ते वर्ष लागते. मध्येच आवाज आधीपेक्षा वाईट होतो, हे रुग्णाला आधी सांगितले नसेल तर तो खचतो.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात काही गोष्टी लिहिलेल्या असतील त्या वाचून घ्या: दात दुखावणे किंवा हलणे, जिभेला बधिरता अथवा चव बदलणे, जी काही दिवस ते काही आठवडे राहू शकते, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज. कवळी, कृत्रिम दात किंवा हलणारा दात असेल तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा. नंतर मी तीन ते सात दिवस पूर्ण मौन ठेवायला सांगतो, मग दिवसाला काही मिनिटांपासून सुरुवात करून बोलणे वाढवायचे. झडप जागेवर धरायला ते दिवस लागतात. त्याहून लांब मौनाचा फायदा मला दिसलेला नाही. उलट रुग्ण बोलायलाच घाबरू लागतो. खोकला आणि आम्लपित्त ताब्यात हवे, कारण मौन पाळून दिवसभर खोकणाऱ्याचे मौन व्यर्थ जाते. आवाजाची चिकित्सा दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा सुरू करावी आणि स्ट्रोबोस्कोपी साधारण एका महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी करावी.

जाण्यापूर्वी पहिल्या इंजेक्शनचे सगळे कागद मिळवा: पदार्थाचे नाव, किती मिलिलिटर, कोणत्या तारखेला, तोंडातून दिले की मानेतून, आणि त्या आधीची चित्रफीत. मागायला संकोच वाटतो हे मी जाणतो, कारण त्यातून ज्यांनी इंजेक्शन दिले त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते. पण ती माहिती तुमची आहे आणि दुरुस्ती करणाऱ्याला ती लागतेच. त्यातली एक ओळ कायम जवळ ठेवा, पुढे वीस वर्षांनीही. पीईटी (PET) स्कॅन, म्हणजे कर्करोग शोधण्यासाठी करतात ती तपासणी, केली तर अशा पदार्थाभोवतीचा दाह कर्करोगासारखा उजळून दिसू शकतो. माझ्याकडे एक वृद्ध गृहस्थ असेच आले होते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये स्वरयंत्रात कर्करोगाची शंका आली, तुकडा तपासला, कुटुंबाने तीन आठवडे झोप गमावली, आणि निघाले ते त्यांच्या तरुणपणी दिलेल्या इंजेक्शनचे टेफ्लॉन. त्या इंजेक्शनचा त्यांना स्वतःलाच विसर पडला होता.

शेवटी तुम्ही ओझरते विचारले आहे की तोवर घसा वाचवण्यासाठी कुजबुजून बोलावे का. नको. कुजबुजताना बहुतेक जण घसा नेहमीपेक्षा जास्त आवळतात. समोरच्याला जवळ बोलवा, छोटी वाक्ये वापरा, आणि जो काही घोगरा आवाज येतो आहे त्याच आवाजात, जोर न लावता, बोला.